टेलला पाणी पोचत नव्हतं: हॅरोमधल्या एका घराच्या रेडिएटरांचं प्रकरण

पार्श्वभूमी

लंडनच्या वायव्येला हॅरो भागात १९३०च्या दशकात बांधलेल्या जोडघरांच्या रांगाच्या रांगा आहेत. त्यांतल्याच एका घरातली ही गोष्ट. नावं बदलली आहेत, बाकी प्रकार जसा घडला तसा लिहितो आहे.

घर समीर आणि मृण्मयीचं. मूळ घर तीन बेडरूमचं. आधीच्या मालकानं मागच्या बाजूला तळमजल्यावर एक खोली वाढवली आणि माळ्याचीही खोली करून घेतली. म्हणजे मूळ हीटिंग आठ रेडिएटरांचं (आत गरम पाणी फिरून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पोलादी पेट्या) होतं, त्याचे वाढत वाढत दहा झाले. बॉयलर गॅसवरचा कॉम्बी, म्हणजे घर आणि अंघोळीचं पाणी दोन्ही तापवणारा, आठ वर्षं जुना, पहिल्या मजल्यावर जिन्याच्या वरच्या टोकाला कपाटात बसवलेला. त्या कपाटाला लागूनच घरातली सगळ्यांत छोटी बेडरूम. सगळे रेडिएटर दोन नळ्यांच्या पद्धतीनं जोडलेले: एका नळीनं गरम पाणी येतं, दुसरीनं थोडं निवून बॉयलरकडे परत जातं. प्रत्येक रेडिएटरच्या एका टोकाला आकडे असलेला, खोली तापली की आपोआप मिटणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, ज्याला इथे सगळे टीआरव्ही म्हणतात, आणि दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या टोपीखाली लपलेला लॉकशील्ड व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिएटरातून किती पाणी जाईल ते एकदाच ठरवून ठेवायचा. फक्त हॉलमधल्या रेडिएटरला टीआरव्ही नव्हता, कारण खोलीचा मुख्य थर्मोस्टॅट तिथेच ठेवलेला. हे बरोबरच होतं. एक रेडिएटर कायम उघडा राहिला की बाकीचे सगळे टीआरव्ही मिटले तरी पंपाला पाणी फिरवायला वाट राहते.

त्या डिसेंबरात मृण्मयीच्या बाळंतपणासाठी समीरचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. काकूंचे गुडघे दुखतात, जिना नको, म्हणून दोघांची सोय मागच्या वाढवलेल्या खोलीत केली. तोवर ती खोली सामान ठेवायलाच वापरली जात होती. ती तापते की नाही हे कोणी बघितलंच नव्हतं.

तक्रार

पहिल्याच आठवड्यात समीरचा फोन आला. मागच्या खोलीत सकाळी साडेपंधरा अंश, काका स्वेटरवर शाल आणि शालीवर रजई घेऊन बसलेले. आणि त्याच वेळी वरच्या छोट्या बेडरूममध्ये पंचवीस अंश. नवरा-बायको आणि बाळ ज्या खोलीत झोपत ती चोवीसच्या खाली उतरेना, म्हणून तिथे रात्री खिडकी उघडी. मिडवाइफनं बाळाची खोली सोळा ते वीस अंशांत ठेवायला सांगितलेलं. वयस्कर माणसांसाठी इथलं आरोग्य खातं निदान अठरा अंश सांगतं. घरात दोन्ही टोकं चुकत होती आणि गॅस मात्र जळतच होता.

मी व्यवसायानं इमारतींच्या हीटिंग-व्हेंटिलेशनचं काम बघतो. मोठ्या इमारतींचं. घरगुती प्लंबर नाही, आणि गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदवहीत, माझं नाव नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढच्या एका निर्णयाचा त्याच्याशी संबंध आहे.

मी पोचण्याआधी कोणती खोली सर्वांत गरम याचा शोध काकूंनी लावून ठेवला होता. पहिल्या रात्री विरजण लागलं नाही. दुसऱ्या रात्री त्यांनी भांडं घरभर फिरवून शेवटी छोट्या बेडरूमच्या रेडिएटरशेजारी ठेवलं, तर सकाळी दही असं लागलं की सुरीनं कापावं. थर्मामीटर लावून मला जे कळलं ते त्यांना आधीच माहीत होतं.

माझ्याआधी करून झालेले उपाय

समीरनं तीन गोष्टी केल्या होत्या आणि तिन्ही समजण्यासारख्या आहेत.

एक, थर्मोस्टॅट वीसवरून चोवीसवर नेला. त्यानं वरच्या खोल्या आणखी तापल्या, मागची खोली एखाद्या अंशानं वाढली.

दोन, थर्मोस्टॅट बिनवायरचा होता म्हणून तो उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवला. कल्पना चांगली: जी खोली गार तिलाच विचारा ना. पण ती खोली एकवीसला पोचेचना, त्यामुळे बॉयलर रात्रभर चालू राहिला आणि वरचा मजला भट्टीसारखा झाला. सकाळी थर्मोस्टॅट परत हॉलमध्ये.

तीन, दोन किलोवॅटचा विजेचा फॅन हीटर आणला. काम झालं, पण इथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या जवळपास चौपट महाग पडतं. शिवाय रात्री तो चालू ठेवून झोपायला काका तयार नव्हते.

मग एका प्लंबरला बोलावलं. त्यानं दहा मिनिटं घर पाहिलं, मागच्या रेडिएटरला हात लावला आणि दोन पर्याय दिले: साडेसहाशे पौंडांत पॉवर फ्लश, म्हणजे यंत्रानं जोरात पाणी फिरवून सगळी व्यवस्था धुऊन काढणं, किंवा बॉयलर आठ वर्षांचा झालाच आहे, तर मोठा नवा बसवा. समीर पहिल्या पर्यायाला हो म्हणण्याच्या बेतात होता.

तपासणी

रेडिएटर कुठे गार आहे यावरून बरंच कळतं. वर गार आणि खाली गरम असेल तर आत हवा साठली आहे. वर गरम आणि तळाशी मधोमध गार असेल तर गाळ, म्हणजे पोलादाच्या गंजाची काळी भुकटी. सबंध रेडिएटर थंड आणि त्याची एक नळी गरम असेल तर बहुधा व्हॉल्व्ह अडकला आहे. आणि सगळा रेडिएटर सारखाच कोमट, पण फार उशिरा तापत असेल, तर त्याच्या वाट्याला पाणीच कमी येतं आहे.

या घरात चारही प्रकार एकाच वेळी हजर होते, आणि प्रकरण अवघड झालं ते त्यामुळे.

माळ्यावरचा रेडिएटर वरून गार: हवा. सर्वांत उंचावरचा तो, हवा तिथेच जाणार. पुढच्या बैठकीतला तळाशी गार: गाळ. मधल्या खोलीतला पूर्ण थंड: व्हॉल्व्ह. आणि मूळ तक्रारीचा, मागच्या खोलीतला, वरपासून खालपर्यंत एकसारखा कोमट.

शनिवारी सकाळी मी आधी सोपी कामं उरकायला घेतली. बॉयलर बंद करून, पाणी निवू देऊन, माळ्यावरच्या रेडिएटरची हवा काढली. छोटी चावी पाव फेरा, खाली फडकं, फुस्स आवाज संपून पाणी आलं की बंद. दाब १.२ बारवरून ०.७ वर आला, तो बॉयलरखालच्या भरणीच्या नळीतून १.३ वर नेला. इथे एक सांगायला हवं. हवा काढणं निरुपद्रवी वाटतं, पण दरवेळी भरलेलं ताजं पाणी सोबत नवा प्राणवायू आणतं आणि त्यातून नवा गंज होतो. वर्षातून एकदा ठीक. दर महिन्याला काढावी लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, किंवा आत गंज चालू आहे आणि त्यातून वायू तयार होतो आहे.

मग मधल्या खोलीचा व्हॉल्व्ह. टीआरव्हीचं आकड्यांचं डोकं फिरवून काढलं की खाली एक बारीक पिन दिसते. ती दाबली की आत जायला हवी आणि सोडली की स्प्रिंगनं वर यायला हवी. ही आतच बसली होती. उन्हाळाभर न वापरलेल्या व्हॉल्व्हचं हे नेहमीचं दुखणं. समीर पक्कड घेऊन तयार होता. पक्कडीनं ओढायचा मोह सगळ्यांना होतो, पण ओढता ओढता पिन हातात आली तर मागून गरम पाण्याची चिळकांडी येते. बाजूनं हलक्या टिचक्या मारल्या, थोडं सिलिकॉन वंगण लावलं, पान्याच्या सपाट बाजूनं पुन्हापुन्हा दाबली. पाच-सात मिनिटांत पिन टुणकन वर आली. अर्ध्या तासात मधली खोली तापायला लागली, आणि दोघेही खूष होऊन चहाला बसलो.

चहा संपेपर्यंत मागच्या खोलीतला रेडिएटर आधीपेक्षाही गार पडला होता.

वळण

या प्रकरणातला सर्वांत उपयोगी क्षण हाच. एक बिघाड दुरुस्त केला आणि मूळ तक्रार वाढली. समीरचा चेहरा पडला. मला मात्र एकदम हलकं वाटलं, कारण आता कारण उघड दिसत होतं. मागच्या खोलीची नळी बॉयलरपासून निघालेली नव्हतीच. वाढीव बांधकाम करताना मूळच्या पंधरा मिलिमीटर फाट्याला, जो आधीच बैठक, मधली खोली आणि स्वयंपाकघर अशा तीन रेडिएटरांना पाणी पुरवत होता, त्याच्या शेवटी आणखी एक तुकडा जोडून दिलेला. मधली खोली बंद होती तोवर तिचा वाटा पुढे जात होता. ती सुरू झाली आणि शेवटच्याची उरलीसुरली धारही आटली.

मी हे समीरला कागदावर काढून दाखवत होतो. काका रजईतून बघत होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कालव्यावर कालवा निरीक्षक म्हणून त्यांची नोकरी झालेली. कालव्याच्या शेवटच्या टोकाला तिथे टेल म्हणतात.

"मग हे टेलचं दुखणं आहे," ते म्हणाले. "वरची दारं सताड उघडी असली की टेलला पाणी पोचत नाही. धरणातून कितीही सोडा, वरचेच पितात. वरची दारं आवळा आधी."

मी पंधरा मिनिटं जे समजावत होतो ते त्यांनी चार वाक्यांत संपवलं. पाणी नेहमी सोपी वाट धरतं. छोट्या बेडरूमचा रेडिएटर बॉयलरला चिकटून, त्याचा लॉकशील्ड पूर्ण उघडा. पंपानं ढकललेल्या पाण्याचा मोठा भाग तिथूनच वळून परत बॉयलरकडे. आणि इथे घरातला प्रश्न कालव्यापेक्षा एक पायरी पुढे जातो. कालव्यातलं पाणी शेतात जिरतं, हे पाणी परत येतं. जवळच्या रेडिएटरातून ते जवळजवळ गरमच परत येत होतं, त्यामुळे बॉयलरला वाटत होतं की घर तापलं, आणि तो ज्योत बारीक करत होता. टोकाची खोली गारठलेली असताना बॉयलर निवांत. त्यात हॉलही लवकर तापायचा, की तिथला थर्मोस्टॅट सगळंच बंद करायचा.

म्हणजे उष्णता कमी पडत नव्हती, वाटणी चुकत होती. गार खोलीचा इलाज गरम खोल्यांच्या व्हॉल्व्हमध्ये होता.

पर्याय

तरी घाईनं व्हॉल्व्ह फिरवायला घेतले नाहीत. शनिवारी दुपारी बसून काय काय करता येईल ते मांडलं.

नवा, मोठा बॉयलर हा पर्याय सर्वांत आधी बाद. कॉम्बी बॉयलरची ताकद मुख्यतः अंघोळीचं पाणी तत्क्षणी तापवण्यासाठी ठरवलेली असते. घर तापवायला त्यातली थोडीच लागते. या घराला ताकद पुरून उरत होती.

पॉवर फ्लशचा विचार जास्त वेळ चालला, कारण एका रेडिएटरात गाळ होता हे खरं. म्हणून नमुना घेतला. बैठकीच्या रेडिएटरातलं पाणी काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवलं आणि बाहेरून लोहचुंबक फिरवलं. तळाशी थोडी काळी भुकटी चुंबकामागे सरकली, पण वरचं पाणी फिकट राखाडी. ते शाईसारखं काळं निघालं असतं किंवा चार-पाच रेडिएटर तळाशी गार असते तर मी त्याला साडेसहाशे पौंड खर्च कर असंच सांगितलं असतं. इथे दहांत एक. आणि मागच्या खोलीत गाळाचं लक्षणच नव्हतं; फ्लश करूनही ती खोली कोमटच राहिली असती.

मागच्या खोलीला बॉयलरपासून स्वतंत्र जाड नळी टाकणं हा कागदावर उत्तम उपाय. पण तळमजल्याची ती फरशी काँक्रीटची, आणि घरात दहा दिवसांचं बाळ.

प्रत्येक रेडिएटरला मोबाइलवरून चालणारे स्मार्ट टीआरव्ही बसवावेत असं मृण्मयीनं सुचवलं. वाईट नाही. गरम खोली हव्या त्या तापमानाला पोचली की तो व्हॉल्व्ह मिटतो आणि पाणी पुढे जातं. पण ती वेळ येईपर्यंत, म्हणजे सकाळचे पहिले दोन तास, टेल कोरडंच. आधी वाटणी नीट करावी, मग हवे तर स्मार्ट व्हॉल्व्ह लावावेत.

समीरचा एक पर्याय मी तिथल्या तिथे नाकारला. त्याला बॉयलरचं झाकण काढून आतल्या पंपाचा वेग वाढवायचा होता, इंटरनेटवर कुणीतरी दाखवलेलं. ब्रिटनमध्ये २००९पासून गॅसच्या उपकरणांवर काम करणाऱ्याची नोंद गॅस सेफ रजिस्टरमध्ये असावी लागते. रेडिएटर, व्हॉल्व्ह, नळ्या ही पाण्याची बाजू, ती घरमालक हाताळू शकतो. बॉयलरच्या झाकणाच्या आत मी हात घालत नाही, त्यानंही घालू नये. पंपाची बाब जानेवारीतल्या वार्षिक सर्व्हिससाठी लिहून ठेवली.

राहिला समतोल साधण्याचा पर्याय, ज्याला इथले प्लंबर बॅलन्सिंग म्हणतात. खर्च जवळपास शून्य, वेळ मात्र एक अख्खा दिवस. म्हणूनच कदाचित प्लंबरनं तो सुचवला नाही. दहा रेडिएटरांभोवती दिवसभर फिरायचे पैसे कोण देणार?

काय केलं

आधी बैठकीतला गाळाचा रेडिएटर. दोन्ही व्हॉल्व्ह मिटले, लॉकशील्ड किती फेरे फिरला ते लिहून ठेवलं, खाली काकूंची परात सरकवली, नट सैल केले. परातीत बरंचसं पाणी आलं. मग रेडिएटर उचलून बागेत नेऊन होजनं धुवायचा होता. उचलताना तो माझ्या बाजूला किंचित कलला आणि फिकट रंगाच्या गालिच्यावर काळ्या पाण्याचा हातभर पट्टा उमटला. तो डाग अजून आहे, त्यावर आता बाळाची खेळणी असतात. दोन्ही तोंडांत फडकी कोंबायला हवी होती. मला माहीत होतं आणि मी केलं नाही.

धुतल्यावर रेडिएटर परत बसवला, पाणी भरलं, हवा काढली आणि गंजरोधक द्रावणाची एक लिटरची बाटली आत सोडली. साधारण शंभर लिटर पाण्याला एवढी पुरते.

रविवारी मुख्य काम. रात्रभर हीटिंग बंद ठेवलं होतं म्हणजे सगळे रेडिएटर सारखे गार. काका-काकूंना तेवढ्यापुरता फॅन हीटर दिला. सगळ्या टीआरव्हींची डोकी काढून ठेवली, सगळे लॉकशील्ड पूर्ण उघडले, बॉयलर सुरू केला आणि कोण केव्हा तापतो याच्या वेळा लिहिल्या. छोटी बेडरूम तीन मिनिटं. हॉल चार. बाथरूम पाच. मोठी बेडरूम सात, तिसरी आठ. स्वयंपाकघर अकरा, बैठक बारा, मधली खोली पंधरा, माळा एकोणीस. मागची खोली चौतीस मिनिटांनी, तीही नुसती कोमट. दाराची आणि टेलची यादीच हाती आली.

मग पुन्हा सगळं निवू दिलं आणि यादीच्या वरच्या टोकापासून आवळायला सुरुवात केली. पद्धत अशी: लॉकशील्ड पूर्ण मिटायचा आणि मग थोडाच उघडायचा. छोटी बेडरूम पाव फेरा. हॉल आणि बाथरूम अर्धा. दोन्ही बेडरूम पाऊण. मधली खोली, टेलच्या लगेच अलीकडची म्हणून, तीही अर्धाच. बैठक आणि स्वयंपाकघर एकेक फेरा. माळा दोन. मागची खोली पूर्ण उघडी. हे व्हॉल्व्ह सरळ प्रमाणात वागत नाहीत, हे लक्षात ठेवायचं. पूर्ण उघड्यापासून दोन फेरे मिटले तरी फारसा फरक दिसत नाही. सगळा खेळ शेवटच्या एका फेऱ्यात असतो. त्यामुळे लोक थोडं आवळून बघतात, काही होत नाही म्हणतात आणि सोडून देतात.

प्रत्येक बदलानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबून येणाऱ्या आणि जाणाऱ्या नळीचं तापमान मोजायचं. इथे माझी अर्ध्या तासाची फजिती झाली. माझ्याकडे बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर होता. बाथरूममधल्या चकचकीत नळीवर तो अडतीस अंश दाखवत होता आणि नळीला हात लावला तर चटका. चमकदार धातू स्वतःची उष्णता फार कमी फेकतो, त्यामुळे असं यंत्र फसतं. प्रत्येक नळीला काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि तिच्यावर नेम धरला, तेव्हा आकडे खरे यायला लागले. मोठ्या इमारतींच्या कामात हे मी दुसऱ्यांना शिकवतो.

दोन नळ्यांत किती अंशांचा फरक हवा? जुन्या बॉयलरांच्या काळात अकरा-बारा धरत. इंग्लंडमध्ये २००५पासून बसवावे लागतात ते कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेतलीही उष्णता खेचून घेतात, पण त्यासाठी परत येणारं पाणी साधारण पंचावन्न अंशांच्या खाली असावं लागतं, म्हणून आता वीसच्या आसपास फरक सांगतात. आम्ही आकड्यामागे धावलो नाही. पंधरा ते वीसच्या मध्ये सगळे आले की पुरे असं ठरवलं.

संध्याकाळी पाच वाजता दुसरी पूर्ण चाचणी. छोटी बेडरूम नऊ मिनिटं, मागची खोली सतरा. काकांनी रजईतून हात काढून रेडिएटरवर ठेवला आणि काही बोलले नाहीत, तिथेच खुर्ची ओढून बसले.

लगेच सगळं आलबेल झालं असं मात्र नाही. त्या रात्री छोट्या बेडरूमच्या व्हॉल्व्हमधून सीं-सीं आवाज यायला लागला. फार आवळलेल्या फटीतून पाणी जोरात जाताना होतो तसा. तो केसभर उघडल्यावर थांबला. हॉलही जास्तच आवळला गेला होता: तिथे वीस अंश व्हायला रात्रीचे अकरा वाजले, तोवर बॉयलर चालू. सोमवारी समीरनं फोनवर विचारून तो अर्ध्याचा पाऊण फेरा केला.

आणि बुधवारी मागची खोली पुन्हा गार पडल्याचा फोन. मी गेलो तर संध्याकाळी जाड पडदे ओढलेले, त्यांची झालर रेडिएटर आणि टीआरव्ही दोन्हींवर, आणि वर वाळत घातलेले दोन स्वेटर व एक कानटोपी. टीआरव्ही आपल्याभोवतीची हवा चाचपतो. पडद्याआडच्या गरम कोपऱ्यात त्याला वाटलं खोली तापली, आणि तो मिटला. पडदे खिडकीच्या पट्टीपर्यंत आखूड केले, कपड्यांसाठी घडीचा स्टँड आणला.

निकाल

पुढच्या आठवड्यात मागची खोली सकाळी अठरा-साडेअठरा आणि दुपारी एकोणीस राहिली. मोठ्या बेडरूमचा टीआरव्ही दोनवर ठेवल्यावर ती एकोणिसावर स्थिरावली आणि रात्रीची खिडकी बंद झाली. थर्मोस्टॅट पुन्हा वीसवर. फॅन हीटर डब्यात गेला.

समतोल साधल्यावर बॉयलरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान ऐंशीवरून खाली आणून बघितलं. साठ अंशांवर बाकी घर आरामात राहिलं, पण मागची खोली सतराच्या वर जाईना. ते अपेक्षितच होतं: रेडिएटर आणि खोली यांच्यातला फरक पन्नासवरून तीसवर आला की रेडिएटरची उष्णता जवळपास निम्मी होते. तीन बाजूंनी बाहेरच्या भिंती असलेल्या खोलीला आधीच्या मालकानं एकपदरी रेडिएटर बसवला होता. जानेवारीत त्याच जागी तेवढ्याच लांबी-उंचीचा दुपदरी बसवला, जो जवळपास पावणेदोनपट उष्णता देतो. आता पासष्ट अंशांवर सगळं घर चालतं. सर्व्हिसला आलेल्या नोंदणीकृत माणसानं पंप तपासला, त्यात बदलण्यासारखं काही निघालं नाही.

गॅसचं बिल किती कमी झालं, हे समीरला सांगायला आवडतं. मी तो आकडा इथे देत नाही. तो जानेवारी आधीच्यापेक्षा सौम्य होता, घरात माणसं वाढली होती, दिवसभर कोणी ना कोणी घरी. तुलना प्रामाणिक होणार नाही.

पुन्हा करायचं झालं तर

वेळा मोजायचं काम मी सर्वांत आधी करीन. हवा काढणं, पिन सोडवणं ही हातासरशी होणारी कामं होती म्हणून आधी केली, आणि त्यामुळे मूळ स्थितीची नोंदच राहिली नाही. पिन सोडवल्यावर टेल आणखी गारठलं, तेव्हा नशिबानं कारण समोर आलं. एखादा दुसरा योगायोग असता तर मी चुकीच्या वाटेला लागलो असतो.

दहांपैकी दोन लॉकशील्ड मूळचे किती उघडे होते ते लिहायचं राहिलं. काही बिघडलं नाही, पण परत मूळ जागी जायची वाट आम्ही स्वतःच बंद केली होती.

पडदे आणि कपडे पहिल्याच दिवशी दिसत होते. मी नळ्या बघत होतो.

दुपदरी रेडिएटर आधीच बसवायला हवा होता का, यावर माझं आणि समीरचं अजून एकमत नाही. तो म्हणतो, त्यानंच खरा फरक पडला. मला वाटतं, पाणीच पोचत नसताना मोठा रेडिएटर बसवणं म्हणजे टेलच्या शेतात मोठी विहीर खणण्यासारखं झालं असतं. काका या वादात पडत नाहीत. पण जाण्याआधी त्यांनी प्रत्येक लॉकशील्डच्या टोपीच्या आत छोट्या चिठ्ठीवर फेरे लिहून चिकटवले आहेत. नोकरीत गेटवर रंगानं खूण करत, तसंच.

काकूंची मात्र तक्रार उरली. छोट्या बेडरूममध्ये आता विरजण लागत नाही. भांडं ओव्हनमध्ये, नुसता दिवा लावून ठेवावं लागतं, आणि ते दही सुरीनं कापण्यासारखं होत नाही असं त्यांचं म्हणणं आहे.